अठ्ठेचाळीस हजारांचा दाखला

रानजाई

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडलाच नाही, पुढे कळलं सेरेब्रल पाल्सी. बसवलं तर बसतो, भरवलं तर खातो, घरच्यांचे आवाज ओळखतो. प्रमाणपत्रावर ८५ टक्के, म्हणून यूडीआयडीचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कार्ड निळं. (४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० पासून निळं. आईला वाटलं होतं निळं म्हणजे कमी गरजेचं.)

आजवर त्याच्यासाठी सरकारी पैशाच्या मागे कधी लागलो नव्हतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना १५०० चे २५०० झाले, ऑक्टोबर २०२५ पासून, हे आईला शेजारणीकडून कळलं आणि तिने उचल खाल्ली. २५०० म्हणजे आमच्या घरात नेमके किती ते सांगते. मोठ्यांचा डायपर स्वस्तातला घेतला तरी तीस-पस्तीसला एक. दिवसाला दोन लागतात, तेही दुपारभर आईने फडकी लावून भागवलं तर. महिन्याचे दोन हजार तिथेच गेले.

सेतू केंद्रात गेलो. सगळी कागदं बरोबर निघाली, गाडी अडली ती उत्पन्नाच्या दाखल्यावर. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५० हजार. वडील एका गेटवर वॉचमन आहेत, नऊ हजार पगार. खिडकीतल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर नऊ गुणिले बारा केलं आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. बोलला काहीच नाही.

बाहेर पडलो तर एक गृहस्थ मागून आले. "किती पाहिजे? अठ्ठेचाळीस करून देतो. दोन हजार होतील."

आता खरी गंमत. आईला लाडक्या बहिणीचे १५०० येतात. तिथे कुटुंबाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे एकाच घरात, एकाच पगारावर, आई गरीब आहे आणि धाकटा नाही.

वडील म्हणतात खोटा दाखला नको. आई काहीच म्हणत नाही, आणि ते जास्त जड जातं. तुम्ही काय केलं असतं?

कोरडवाहू

घ्या ताई. आमच्या गावात सगळ्यांचेच अठ्ठेचाळीस आहेत. एकाचे पंचेचाळीस आहेत, त्याला लोक विचारतात बाबा तुझं काय बिनसलं.

निवृत्त_अव्वल_कारकून

तहसीलला एकतीस वर्षं काढली, त्यातली सहा संजय गांधी शाखेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तेव्हापासून तिचं नाव "निराधार" आहे आणि सगळा घोळ त्या नावातच आहे. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी ती बांधली. अपंग माणसाला बहुतेक वेळा कोणीतरी असतं. आई असते, भाऊ असतो. पण "कोणी असणं" आणि "परवडणं" या दोन गोष्टी योजनेने कधी वेगळ्या केल्याच नाहीत.

अर्ज कसा फिरतो ते सांगतो. सेतूतून अर्ज शाखेत येतो, नायब तहसीलदार छाननी करतात, मग तालुका समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या मर्जीतला अशासकीय माणूस. सरकार बदललं की समिती बरखास्त, नवी नेमेपर्यंत अर्जांचे गठ्ठे तसेच. आमच्याकडे एकदा गठ्ठ्याला वाळवी लागली होती. विनोद नाही करत.

आता दाखल्याचं. इतर निराधारांसाठी मर्यादा २१ हजार आहे, अजूनही. अपंगांनाही पूर्वी तीच होती, तेव्हा माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक दाखला वीस हजारांचा असे. मग अपंगांसाठी ५० झाली. त्या वर्षी तालुक्यातल्या समस्त अपंगांच्या घरचं उत्पन्न एकदम दुपटीच्या वर गेलं. इतकी भरभराट मी नोकरीत दुसरी पाहिली नाही.

तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ पासून) दोष देऊ नका. खरं लिहिलं तर अर्ज मेला, खोटं लिहिलं तर त्याचं पेन अडकलं. तो खाटेवर पडलेलं पोर बघतो आणि अठ्ठेचाळीस लिहितो. मीही ते दाखले डोळे झाकून पुढे सरकवले आहेत.

पण ताई, तो दोन हजार मागणारा माणूस वेगळा. त्याच्याकडून घेऊ नका. उद्या तपासणी निघाली तर वसुलीची नोटीस तुमच्या घरी येईल, त्याच्या नाही.

हिशेबी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. अडीच लाखाची मर्यादा ठेवून सरकारने काय ओढवून घेतलं ते दिसतंच आहे, नंतर पडताळणी करून नावं वगळत बसावं लागलं. हे पैसे कर भरणाऱ्यांच्या खिशातून येतात. आणि खोटे दाखले इतके राजरोस चालतात हे इथेच तीन जणांनी कबूल केलंय. मग योजनेत खरे किती नि खोटे किती, कोणाला माहीत?

कोरडवाहू

तीन नाही, दोन. कारकून काकांनी सरकवले, दिले नाहीत.

पांढरी_काठी

हिशेबी साहेब, मी पूर्ण अंध आहे. हा प्रतिसाद फोनला बोलून लिहितोय, तेव्हा एखादा शब्द वाकडा आला तर चालवून घ्या.

माझ्याही दाखल्यावर अठ्ठेचाळीस आहे. भाऊ बांधकामावर सेंट्रिंग करतो, त्याचं खरं उत्पन्न किती ते मी इथे सांगणार नाही. पण डोळे सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने तपासले, तीन वेळा बोलावून. तिथे कोणाला दोन हजार दिले नाहीत. तुम्ही "खोटे लाभार्थी" म्हणता तेव्हा माझ्यासारखे धरता की डोळस असून अंधाचं प्रमाणपत्र काढणारे धरता? दोन्ही एका पोत्यात घालू नका.

आणि या पैशाचं मला काय वाटतं तेही सांगतो. ६०० होते तेव्हापासून घेतोय. २०१९ ला १००० झाले, २०२३ ला १५००, आता २५००. पहिले ६०० आले तेव्हा मी वहिनीला म्हटलं, आजपासून माझ्या फोनचं रिचार्ज मी करणार. तोवर रिचार्ज संपला की मी कोणाला सांगायचोच नाही. फोन आठ-आठ दिवस बंद असायचा. घरातलं कोणी कधी टाकून बोललं नाही, तरी मागायला जीभ वळायची नाही. हे फार क्षुल्लक वाटेल तुम्हाला.

तुमची ती अपंग-दिव्यांग चर्चा अजून कोणी काढली नाही, म्हणून आधीच सांगतो, मला काहीही म्हणा. शब्द बदलला तेव्हा तहसीलचा जिना होता तिथेच राहिला.

हिशेबी

माझा रोख तुमच्यावर नव्हता. रिचार्जचं वाचून थोडा वरमलो. पण प्रश्न उरतोच, रेघ कुठे ओढायची?

सातबारा

रेघेचा हिशेब मी करून बघितला. रोजगार हमीची २०२५-२६ ची राज्यातली मजुरी ३१२ रुपये. घरातल्या एका माणसाने वर्षात १६१ दिवस तेवढ्या मजुरीवर काम केलं की ५०,२३२ होतात. संपलं, कुटुंब मर्यादेच्या बाहेर. म्हणजे या योजनेसाठी पात्र राहायचं तर घरातल्या धडधाकट माणसाने वर्षातले दोनशे दिवस घरी बसायला हवं. एकट्यानेच! दोघं कमावते असतील तर विषयच नको.

हिशेबी

हे आकडे मी पुन्हा करून बघितले. बरोबर आहेत. ५० हजार ही रेघ नाही, भिंत आहे, मान्य.

कलमकसाई

(नाव बघून दचकू नका, वकिली करतो, मित्रांनी ठेवलंय.)

कायद्यात काय आहे ते थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, अंमल एप्रिल २०१७ पासून. कलम २४ सामाजिक सुरक्षेचं. त्यात स्पष्ट आहे की इतरांसाठी जी योजना असेल तशाच योजनेत दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळायला हवेत. आता संजय गांधी योजनेत विधवा बाईला १५०० आणि दिव्यांगालाही १५००, असं कायदा आल्यावरही वर्षानुवर्षं चाललं. २५ टक्क्यांनी १८७५ होतात. ऑक्टोबरपासून २५०० झाल्यावर कुठे ते कलम पाळलं गेलं. सरकारने मेहेरबानी केली असं बॅनरवर दिसेल, पण थकबाकी कोणी दिलेली नाही.

खाजवून खरूज काढायची तर, लाडक्या बहिणीला २०२४ च्या निवडणुकीत २१०० कबूल केले होते. ते कधी दिले आणि ती "तशीच योजना" धरली, तर दिव्यांगांचे २६२५ होतात. तेव्हा २५०० पुन्हा कमी पडतील.

उत्पन्नाच्या मर्यादेचं मात्र वाईट वाटेल ऐकून. त्याच कलमात पेन्शनला उत्पन्नमर्यादा लावायची मुभा सरकारला दिलेली आहे. किती, ते लिहिलेलं नाही. शिवाय सुरुवातीलाच "आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत" असे शब्द आहेत. सरकारी वकील उभा राहिला की आधी तेच वाचतो.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्ता. रानजाईताईंच्या आईसारख्यांचं काम कायद्याने ओळखलंय, पण या योजनेच्या हिशेबात ते शून्य धरलं जातं. चोवीस वर्षं ती बाई कामाला जाऊ शकली नाही, हे "उत्पन्न" या रकान्यात कुठे बसतं?

रानजाई

आई लग्नाआधी अंगणवाडीत मदतनीस होती. तुमचं वाचून दाखवलं तिला. म्हणाली, रकाना असता तर काय लिहिणार होते?

केंद्राची पण योजना आहे ना? ८० टक्क्यांच्या वरची?

निवृत्त_अव्वल_कारकून

आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन, २००९ पासून. अट ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. केंद्र त्यात महिन्याला ३०० रुपये घालतं, वरची भर राज्याची. हे ३०० २०१२ पासून ३००च आहेत. आणि आपल्याकडे ग्रामीण भागात ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. तुमचं नाव त्यात आहे का?

रानजाई

नाही. २००२ ला आजोबा होते, दोन म्हशी होत्या. धाकटा नुकताच पाळण्यात होता.

गोदाकाठ

नांदेडकडचा आहे, सीमेवरचा. आमच्यासाठी हा धागा म्हणजे जखमेवर मीठ. नदीपलीकडे, तेलंगणात, अपंगाला ४०१६ मिळतात. (शेवटी सोळा लावायची तिकडे पद्धत आहे, शुभ म्हणून.) आंध्रात २०२४ च्या जुलैपासून ६००० झाले, आणि पूर्ण अंथरुणाला खिळलेल्याला १५०००. आमच्याकडची काही गावं मध्यंतरी "आम्हाला तेलंगणात घाला" म्हणून उठली होती, तेव्हा पेपरवाल्यांना गंमत वाटली. माझी मावशी नदीच्या अलीकडे, तिचा दीर पलीकडे. दोघांच्याही घरी पोलिओचा एकेक माणूस. लग्नकार्यात भेटले की आधी पेन्शनच निघते. पलीकडचा जरा रुबाबातच बसतो.

हिशेबी

ही राज्यं कर्जात आहेत तेही बघा.

गोदाकाठ

आपणही आहोत की! आपलं कर्ज काय फक्त अपंगांना दिसतं?

कोरडवाहू

६००० ची मागणी इथेही झाली होती. बच्चू कडू जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा कर्जमाफीच्या जोडीला हीच होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हजार वाढवले. तेवढ्यावर निभावलं.

संपादक मंडळ

राजकारणासाठी वेगळा धागा आहे. इथे धागाकर्तीच्या प्रश्नाला धरून लिहावे.

तिळगूळ

मंडळाच्या सूचनेला मान देऊन कामाचं लिहिते. माझी लेक २२ वर्षांची, बौद्धिक अपंगत्व आणि ऑटिझम.

रानजाई, दाखल्याचं नंतर बघू, आधी एक विचारते. भावाचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व (कायद्यात अजून हाच शब्द आहे) आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. हे केलं नसेल तर पेन्शन मंजूर होऊनही बँकेत अडकता. आता पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि खातं त्याच्या नावाचं लागतं.

आमचा अनुभव सांगते. एका बँकेत लेकीला घेऊन गेले. बाई म्हणाल्या, अंगठा लावा. तिच्या हाताला कोणी अनोळखी माणसाने हात लावला की ती किंचाळते. मशीनवर बोट तीनदा हललं, तीनदा लाल दिवा. मागची रांग बघतेय. बाई शेवटी म्हणाल्या, "हिला परत घेऊन या." जणू ती तापाने फणफणली होती आणि उद्या बरी होणार होती. पालकत्वाचा आदेश हातात आल्यावर तेच खातं दहा मिनिटांत उघडलं.

त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. तिला उत्पन्नाची अट आडवी येत नाही, तीही काढा.

पांढरी_काठी

अंगठ्यावरून आठवलं. मला एका ॲपने केवायसीसाठी "कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा" असं सांगितलं होतं. मी मिचकवले, पण कॅमेरा कुठे आहे ते मला कुठे दिसतंय! नंतर कळलं की ॲसिड हल्ल्यामुळे डोळे मिचकवता न येणाऱ्या एका बाईने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि केवायसीचे पर्याय द्यायला सांगितले. त्याची प्रिंट मी खिशात ठेवतो. एकदा दाखवली तर समोरचा म्हणाला, वाचून दाखवा. म्हटलं, तेवढं तुम्हीच करा.

सातबारा

हाहा, साष्टांग नमस्कार.

रानजाईताई, ग्रामपंचायतीत पण विचारा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीला घाईने वाटतात, कधी रोख, कधी वस्तू. आमच्याकडे एका वर्षी सगळ्यांना सरसकट कुबड्या दिल्या होत्या, कर्णबधिरांनासुद्धा. तेव्हा आधीच लेखी अर्ज द्या आणि काय हवं ते त्यात लिहा. डायपर लिहा, लाजू नका.

कलमकसाई

दाखल्याबद्दल माझं मत. खरा दाखला काढा, एक लाख आठ हजारांचा. तोच जोडून अर्ज करा आणि नामंजुरी लेखी मागा. तोंडी "होत नाही" ऐकून परत फिरू नका. माझ्याकडे कोणी या मर्यादेविरुद्ध लढायला आलं तर मी पहिली गोष्ट मागतो ती लेखी नामंजुरी, आणि ती कोणाकडेच नसते. कारण सगळ्यांचे अठ्ठेचाळीस आहेत. कागदोपत्री बघाल तर या मर्यादेने एकाही अपंगाला आजवर अडवलेलं नाही.

पांढरी_काठी

हे बरोबर आहे वकीलसाहेब, पण तो कागद करण्यासाठी दरमहा अडीच हजार कोण सोडणार? मी नाही सोडणार. स्पष्ट सांगतो.

निवृत्त_अव्वल_कारकून

सोडूही नका.

तिळगूळ

रानजाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि दुपारची फडकी सुती असतील तर रात्री पाठीला ओल राहत नाही ना ते बघ. आमच्याकडे त्यानेच जखम झाली होती.

रानजाई

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. धाकट्याला ताप होता.

पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याला दिला. ग्रामपंचायतीतही दिला, त्यात डायपर लिहिलं. शिपायाने मोठ्याने वाचलं. वाचू दे.

काल वडिलांबरोबर दाखल्यासाठी गेले होते. तोवर घरात काही ठरलेलं नव्हतं. आईने निघताना इतकंच सांगितलं की तुम्हाला पटेल ते करा, मी काही बोलणार नाही. मला वाटत होतं वडील ऐन वेळी अठ्ठेचाळीस म्हणतील, आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं.

तलाठी भाऊसाहेब चांगले आहेत. धाकट्याला ओळखतात, पोलिओ डोसच्या वेळी घरी यायचे लोक, त्यांच्याबरोबर एकदा आले होते. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "काका, महिन्याचं किती धरू?"

वडील म्हणाले, "नऊ हजार."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. म्हणाले, "काका, नीट आठवून सांगा. मी परत विचारतो."

त्यांनी परत विचारलं. वडिलांनी परत नऊच सांगितलं.